मुंगीच्या खोलीतला उजेड

प्रिय शहाणे,

फोनवर मी ‘तपासणी’ हा शब्द काढला की नेमकं त्याच क्षणी तुझ्या गॅसवरचं दूध उतू जातं. गेल्या वर्षभरात तुझ्या ओट्यावर जेवढं दूध सांडलं तेवढं एखाद्या डेअरीतही सांडत नसेल. म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर घडी घालून उशीखाली सरकवता येतं, आणि मी तुला ओळखतो, तू ते परत काढून वाचणार. छापखान्यांच्या फाटकांवर उभं राहून मी आयुष्यभर भाषणं केली, मालकांना घाम फोडला, पोलिसांना कंटाळा आणला, पण माझ्या सभेत पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत स्वेटर विणणारी श्रोती एकच होती. तेव्हा सुया बाजूला ठेव. आज टाळ्या नकोत, नुसतं ऐकून घे.

वहिनीने तुला अर्धंमुर्धं सांगितलंच असेल. मी ती तपासणी करून आलो. आपले अण्णा आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हा ते माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होते, आणि तुझी मुंगी डॉक्टर झाल्यापासून घसा फोडून सांगते आहे की बाप असा गेला असेल तर मुलांनी आतडं आतून बघून घ्यावं, दोघांनीही. मी टाळत होतो, कारण मला म्हणे सवड नव्हती. तू मात्र दारापर्यंत गेलीस. लेकीने तुझं नाव नोंदवलं होतं, तू मेहुण्यांबरोबर आलीस, आणि त्या खोलीच्या दारातून परत फिरलीस. म्हणालीस, पोटच्या पोरीने आईचं असलं काही बघायचं नसतं. ती म्हणाली, मी नाही बघत, दुसरे डॉक्टर बघतील. त्यावर तू म्हणालीस, ते तर त्याहून वाईट. तेव्हापासून तुम्हा मायलेकींचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘हो’ एवढ्यावर आलं आहे. मी मध्ये पडणार नव्हतो. मायलेकींच्या भांडणात पडलेला मामा दोन्हीकडून मार खातो, हे मला चांगलं माहीत आहे.

आदल्या दिवसापासून सांगतो, कारण तुझं हसू मला कागदावरून ऐकू येतं. आतडं धुऊन काढणारं एक औषध पाण्यात कालवून प्यायचं असतं. थोडं संध्याकाळी, थोडं सकाळी. चव अशी की समुद्रात कोणीतरी लिंबू पिळलंय. बाकी पोटात नुसती आरपार दिसणारी पेयं. मुंगीने बजावलं होतं, मामा, लाल रंगाचं काही पिऊ नकोस. आता तूच सांग, लाल रंगावर बंदी, आणि तीही माझ्या घरात. ज्या माणसाचं आयुष्य लाल झेंड्याखाली गेलं त्याला हे सहन व्हायचं कसं? मी डाळिंबाचा रस काढला, फडक्याने दोनदा गाळला, खिडकीत धरून पाहिला, पलीकडचं झाड दिसत होतं, मग प्यालो. दुसऱ्या दिवशी हे तिला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, ‘मामा, आत लाल दिसलं की आम्ही ते रक्त समजतो. तुझ्या क्रांतीपायी माझी अख्खी यादी उलटीपालटी झाली.’ मग मला उरलेल्या औषधावर आणखी एक तांब्या पाजला आणि माझा नंबर सगळ्यांच्या शेवटी टाकला.

पण त्या चुकीचे उपकार मान. वेळेवर आत गेलो असतो तर अर्ध्या तासात बाहेर आलो असतो आणि तुझी लेक काय करते हे मला कधी कळलं नसतं. त्या दिवशी मी सकाळपासून हॉस्पिटलच्या त्या बोळात बसून होतो. लांबच लांब बाक, त्यावर बसलेली माणसं, आणि एकानेही दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा दिलेला नाही. हृदयाच्या डॉक्टरकडे माणसं कशी ऐटीत बसतात, बघ. छातीवर हात ठेवून सगळ्या जगाला सांगतात. इथे मात्र प्रत्येक जण आपण चुकून आलोय असा चेहरा करून. माझ्या शेजारचे गृहस्थ तर पेपर उलटा धरून वाचत होते. मी त्यांना म्हटलं, साहेब, आज बातम्या अशाही उलट्याच आहेत, चालू द्या. तेव्हा कुठे ते हसले, आणि मग हळूहळू सगळा बाक बोलायला लागला. कोणाला रक्त दिसलं होतं, कोणाचा भाऊ गेला होता, कोणी तीन वर्षं मूळव्याध समजून मलम लावत होतं. मूळव्याध हा शब्द ऐकला आणि मला अण्णा आठवले. आठवतंय ना, तेही तेच म्हणायचे. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागले तेव्हा आई कौतुकाने शेजाऱ्यांना सांगत होती की आमचे हे किती समजूतदार झालेत. रक्ताचे डाग घरात कोणाला दिसू नयेत म्हणून तो माणूस नळाखाली बसत होता आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

दुपारी मुंगी मला हात धरून एका लहानशा खोलीत घेऊन गेली. मला एकटं सोडलं तर मी परत काहीतरी लाल पिईन अशी तिला भीती. तो शनिवार होता, आणि दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांची तिथे सभा असते. शहाणे, मी जन्मभर सभा घेतल्या, पण असली सभा पाहिली नव्हती. सगळे डॉक्टर आणि सिस्टर डबे उघडून बसलेले, समोर पडदा, आणि पडद्यावर आठवड्यात, महिन्यात, वर्षात आपल्याकडून काय काय बघायचं राहिलं त्याची चित्रं. पेशंटची नावं झाकलेली असतात, डॉक्टरांची नाहीत. सुरुवात थोरल्या डॉक्टरांनी केली. त्यांना सगळे पाठीमागे गोगलगाय म्हणतात, कारण ते कॅमेऱ्याची नळी आतड्यातून बाहेर काढताना इतकी सावकाश काढतात की सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे पेशंटचं वय वाढतं. त्यांनी स्वतःच्याच एका जुन्या तपासणीचं चित्र लावलं आणि विचारलं, दिसतंय काही? गुलाबी भिंत, ओली, गुळगुळीत, त्यावर घड्या. कोणालाच काही दिसेना. मग त्याच जागेचं नंतरच्या तपासणीतलं चित्र लावलं, वेगळ्या उजेडातलं. तिथे तळहाताच्या खळग्याएवढा तपकिरी डाग, चक्क समोर. ते म्हणाले, ‘हा माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मी झोपलो नव्हतो. बघत होतो आणि दिसला नाही.’ आणि पोळीचा घास मोडला. नंतर मुंगीची पाळी आली. तिनेही आपली एक राहिलेली जागा दाखवली, त्याच सुरात. कोणी च्‌ च्‌ केलं नाही, कोणी सांत्वन केलं नाही. एवढंच विचारलं की पुढच्या वेळी काय वेगळं करशील. मालकाच्या चुका भरसभेत सांगणं सोपं असतं. मी त्यावरच नाव कमावलं. पण वक्त्याने आपली चूक पडद्यावर लावून, हातात डबा घेऊन शांतपणे जेवायचं, याला जी छाती लागते ती मला नाही. तुझ्या लेकीला आहे.

तो वेगळा उजेड काय, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, म्हणून आत सगळंच गुलाबी दिसतं, चांगलंही आणि वाईटही. आम्ही एक बटण दाबतो आणि त्यातले निळा आणि हिरवा एवढेच ठेवतो. हे दोन रंग रक्त पिऊन टाकतं, त्यामुळे रक्ताच्या बारीक वाहिन्या काळपट उठून दिसतात. जिथे काही बिघडायला लागलंय तिथे त्या वाहिन्यांची वीण बदललेली असते. तुझ्या विणकामासारखंच म्हण ना, मामा, आई लांबूनसुद्धा सांगते, इथे टाका सुटलाय. शहाणे, तिने तुझं नाव असं काढलं, सहज, आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली. मी मात्र त्या उजेडापाशीच अडकलो. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, डोळे उघडा. घसा बसेपर्यंत सांगितलं. डोळे उघडे असूनही दिसत नाही, उजेडसुद्धा निवडून घ्यावा लागतो, हे वाक्य मला माझ्या एकाही पुस्तकात सापडलं नाही. ते मला माझ्या भाचीने पोळीभाजी खाताना सांगितलं.

मग माझा नंबर लागला. मला ती स्वतः तपासणार नव्हती. मला वाटलं, हात थरथरतो म्हणून. तर नाही. ती म्हणाली, ‘जवळच्या माणसात वाईट काही निघू नये असं डोळ्याला वाटतं, आणि मग डोळा ते बघत नाही.’ म्हणून नळी गोगलगायीच्या हातात, आणि मुंगी मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. मी झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं. माझ्या आतलं जग मला बघितल्याशिवाय सोडवेना. खोली अंधारलेली, पडदा मोठा, आणि पडद्यावर मी. सांगतो ते खरं वाटणार नाही, पण सुंदर होतं. ओल्या गुलाबी कमानी एकापुढे एक, मधून नदीसारख्या फुटत गेलेल्या लाल रेघा. मी त्याच्यावर बोलायला लागलो. माणसाच्या पोटात एवढी शिस्त आहे आणि समाजात का नाही, असं काहीतरी. गोगलगाय म्हणाले, ‘काका, बोलू नका, आतडं हलतं.’ माझ्या बोलण्याने कोणीतरी आतून हलतं याचा हा पहिला वैद्यकीय पुरावा.

त्या खोलीचा एक कायदा आहे. नळी आधी शेवटपर्यंत नेतात आणि खरं बघणं होतं ते परत येताना. त्या वेळी खोलीतल्या कोणीही, डॉक्टर असो, सिस्टर असो, लादी पुसायला आलेली मावशी असो, ‘थांबा’ म्हटलं की हात जागच्या जागी थांबलाच पाहिजे. का थांबू, असं विचारायचं नाही. चुकीचं थांबवलं म्हणून कोणी नंतर चिडवायचं नाही. आणि आता त्यांच्याकडे एक संगणकही आहे, तोही चित्र बघत असतो आणि संशय आला की त्या जागेभोवती हिरवा चौकोन काढून टुण्‌ करतो. यंत्राशी माझं वैर तुला माहीत आहे. अक्षरं जुळवणारे हात रिकामे झाले तेव्हा मी तीन महिने संप चालवला होता. मुंगी म्हणाली, मामा, हे कोणाची नोकरी खात नाही, हे नुसतं ओरडतं, बुडबुड्यालाही ओरडतं. पण त्याच दिवशी सकाळी चार जणांच्या थकलेल्या डोळ्यांतून सुटलेली एक गाठ त्याने पकडली होती, हेही तिनेच सांगितलं. तिला यंत्राचा ना राग ना कौतुक. शेजारच्या टेबलावरच्या माणसाइतकाच त्याचा मान ठेवते.

तर नळी सावकाश बाहेर येत होती. उजव्या बाजूच्या एका वळणावर यंत्राने टुण्‌ केलं. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा चौकोन. सगळ्यांचे डोळे तिकडे गेले, माझेही. बुडबुडा होता. गोगलगायीने पाणी मारून तो फोडला आणि पुढे निघाले. तेवढ्यात मागून भिंतीजवळून आवाज आला, ‘थांबा.’ हळू, पण असा की माझं आतडंसुद्धा थांबलं असेल. मुंगी म्हणाली, उजवीकडे, घडीच्या मागे, रेघ तुटली आहे. मला काही दिसेना. गोगलगायीलाही लगेच दिसलं नाही, पण त्यांनी कायद्याप्रमाणे काही विचारलं नाही, नळीच्या टोकाने ती घडी अलगद दाबली. नदीसारख्या त्या लाल रेघा एका जागी येऊन नुसत्या संपत होत्या. पुढे कोरी जागा, सपाट, भिंतीच्याच रंगाची. बटण दाबलं. खोलीतला रंग पालटला, सगळं निळसर हिरवं झालं, आणि त्या कोऱ्या जागेवर तपकिरी डाग उमटला. मग त्यांनी नळीतून निळं औषध शिंपडलं. ते भिंतीत मुरत नाही, खाचाखोचांत साचतं, झिजलेल्या शिलालेखावर शाई चोळल्यासारखं. डागाची कड न्‌ कड वर आली. मी पाहिलं, शहाणे. माझ्या पोटात अण्णांची सुरुवात झाली होती आणि मी ती डोळ्यांनी पाहिली.

नंतर मी तिला विचारलं, सगळे डावीकडे बघत असताना तू उजवीकडे कसं काय पाहिलंस? ती म्हणाली, ही माझी सवय आहे. चौकोन जिकडे दिसतो त्याच्या उलट बाजूला मी आधी बघते, कारण त्या क्षणी तिकडे कोणीच बघत नसतं. एवढं एक वाक्य. असं वाक्य सुचावं म्हणून मी किती रात्री जागलो असेन. जिकडे सगळे बघताहेत तिकडे बघायला धैर्य लागत नाही, मी फाटकांवर हेच ओरडत होतो, पण ते करायचं कसं हे मला कोणी विचारलं असतं तर मी आणखी एक भाषण ठोकलं असतं. ती नुसती मान वळवते.

त्याच तपासणीत त्यांनी डागाखाली निळसर पाणी भरलं, तो फुगून वर आला, आणि तारेच्या फासाने कापून काढला. दुखलं नाही. मी संध्याकाळी घरी होतो, वहिनीच्या हातची पातळ खिचडी खात. अहवाल आला. बाहेरून सपाट दिसणाऱ्या त्या डागात एका कोपऱ्यात पेशी बिघडायच्या अगदी उंबऱ्यावर होत्या. कडा स्वच्छ. आणखी वर्ष दीड वर्ष ‘सवड नाही’ म्हटलं असतं तर मी अण्णांच्या वाटेने गेलो असतो, त्यांच्यासारखाच, कपडे स्वतः धूत.

तू लोकांना सांगतेस की तुझी मुलगी डोळ्यांची डॉक्टर आहे. मला हे कळलं तेव्हा राग आला होता. तुझ्या जिन्यातल्या बाईंनी एकदा मला विचारलं, तुमच्या भाचीकडून चष्म्याचा नंबर काढून मिळेल का. मुंगीलाही हे माहीत आहे, ती हसून सोडून देते. पण एकदा ती बोलून गेली, ‘आईला माझ्या कामाची घाण वाटते, मामा. मला तिची घाण कधी वाटली नसती.’ हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता माझं म्हणणं ऐक, आणि रागवायचं असेल तर रागव. तू म्हणतेस, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणतो, ही म्हण ज्याने काढली त्याच्या मुठीत पैसे असतील, आतडं नव्हतं. अण्णांनी मूठ झाकली. कोणापासून? आपल्यापासून. ज्या माणसांनी त्यांची पाठ चोळली असती, डॉक्टरकडे ओढत नेलं असतं, त्यांच्यापासून. लाज ही शत्रूपुढे कधी वाटत नाही बघ, ती जवळच्याच माणसापुढे वाटते आणि त्यालाच दाराबाहेर ठेवते. चेहरा देवाने दिला आणि आतडं कोणी दुसऱ्याने, असं तर नाही ना? हात धरायला आपल्याला लाज नाही, कपाळावर हात ठेवायला नाही, मग ज्या जागेने माणूस मरतो तिच्याविषयीच जीभ का अडखळते? मी त्या बाकावर बसलेली माणसं पाहिली. गाठ बहुतेकांना नसेलही, पण लाज सगळ्यांना होती. तुझ्या लेकीला रोज दोन्हींशी झुंजावं लागतं. गाठीसाठी तिच्याकडे निळा उजेड आहे. लाजेसाठी काही नाही. तिथे ती नुसती पेशंटच्या खांद्यावर चादर नीट ओढते आणि विचारते, थंडी वाजते का. मी ते पाहिलं. प्रत्येकाला विचारते, जणू पहिल्यांदाच विचारते आहे.

तुला वाटेल, दादाने एवढं सगळं लिहिलं ते मला त्या टेबलावर नेण्यासाठी. ते तर आहेच, आणि त्याबद्दल मी तुझ्याशी आमनेसामने भांडेन. पण हे पत्र आजच टपालात पडायला हवं ते वेगळ्या कारणाने. मुंगी गेल्या आठवड्यापासून माझ्याकडे आहे. हे लिहितोय तेव्हा ती स्वयंपाकघरात वहिनीला कांदा चिरून देते आहे आणि दोघी कशावर तरी हसताहेत. माझ्या अहवालानंतर त्यांनी माझं रक्त तपासलं. अण्णांकडून माझ्यात काय आलं ते कळलं, जनुकातलं एक बिघडलेलं अक्षर. मग तिने आपलं रक्त दिलं, आणि तेच तिच्यातही निघालं. तिच्यात ते तुझ्यातूनच गेलं असणार, दुसरी वाट नाही. हे कळू नये म्हणून आता ती तुझ्याशी तेवढंही बोलत नाहीये. आईला वाटेल आपणच दिलं, म्हणते. त्या पोरीने मग स्वतःची तपासणी करून घेतली, आणि माझ्यापेक्षा मोठा एक सपाट डाग आत आहे. कोणी पाहिला, कुठल्या उजेडात पाहिला, ते तिच्याच तोंडून ऐक. येत्या गुरुवारी सकाळी गोगलगाय तो काढणार आहेत. पोट फाडावं लागणार नाही, त्यांना भरवसा आहे, मलाही आहे, पण तपासून येईपर्यंत शपथेवर कोणी काही सांगत नाही. सिस्टरने तिला विचारलं, बरोबर कोण येणार? ती म्हणाली, मामा. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, आईला कळवू नकोस, ती येईल आणि दारातून परत जाईल, ते मला या वेळी बघवणार नाही. तिला दिलेला शब्द मी हा असा मोडतो आहे. त्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवतात, आणि पेशंटच्या तोंडासमोर एक स्टूल असतं. तिथे बसणाऱ्याला दुसरं काही काम नसतं, हात धरायचा एवढंच. पडदा त्याच्या पाठीमागे येतो. तुला काही बघावं लागणार नाही, फक्त तिच्याकडे बघायचं. मी सिस्टरला सांगून ठेवलंय की गुरुवारी त्या स्टुलावर मी बसणार नाही.

तुझाच,
दादा